चारुलताची भिंत

भिंतीला पाणी प्रतापनंच घातलं. नुसतं घातलं नाही, प्रेमानं घातलं. पाइपाच्या तोंडाशी अंगठा धरून, बारीक फवारा करून, तापकऱ्याच्या कपाळावर पट्टी ठेवावी इतक्या हळुवारपणे.

प्रताप सोनटक्के हा गडी खरं म्हणजे इंजिनिअर. इंगोलश्टाटच्या एका कंपनीत गाड्यांचे ब्रेक तपासतो. ब्रेक कुठे, कधी आणि कसा दगा देईल याच्या दिवसभर कल्पना करायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, असा त्याचा उद्योग. त्यामुळे घाबरणं हा त्याचा स्वभाव नसून पेशा आहे, असं त्याची बायको म्हणते. पण त्या शनिवारी त्याला कसली म्हणून भीती वाटली नाही, आणि घोळ झाला तो तिथेच.

त्याचं असं आहे, की ज्याच्या लहानपणी घरचं बांधकाम निघालं होतं, त्या मराठी माणसाला नवी भिंत कोरडी बघवत नाही. नाशिकला प्रतापच्या वडिलांनी, म्हणजे आत्मारामपंतांनी, बंगला बांधला तेव्हा प्रताप सातवीत होता. शाळेत जाण्याआधी भिंती भिजवायच्या आणि शाळेतून आल्यावर पुन्हा भिजवायच्या, हे त्याच्याकडचं खातं. स्लॅब टाकला तेव्हा तर त्यावर आळी करून पाणी तुंबवायचं कामही त्याच्याकडे आलं. आत्मारामपंत खाली उभे राहून ओरडायचे, "पिऊ दे त्याला, पोटभर पिऊ दे! आत्ता कंजूषपणा केलास तर पुढं छप्पर गळेल." एवढं मनावर बिंबलेलं माणूस विसरेल कसं?

इंगोलश्टाटच्या बाहेर, एका लहानशा गावात सोनटक्क्यांचं घर उभं राहत होतं. घराची आर्किटेक्ट म्हणजे प्रतापची बायको चारुलता. ती त्या दिवशी ब्राउनश्वाइगला होती. तिथल्या विद्यापीठात तिच्या मातीचे नमुने यंत्रात दाबून बघायचे होते आणि त्यानंतर शनिवार-रविवार मालिनी नावाच्या मैत्रिणीकडे राहायचं होतं. निघताना तिनं एवढंच सांगितलं होतं, "साइटवर एक चक्कर मार, ताडपत्री वाऱ्यानं सुटली नाही ना बघ."

ताडपत्री सुटली नव्हती. प्रतापनं ती स्वतः सोडली. आतली भिंत उन्हाळ्यातल्या ओठांसारखी कोरडी, वरून बारीक बारीक केसांएवढ्या चिरा. अरेरे, तहानलीय की बिचारी! त्यानं पाइप जोडला. दोन्ही बाजू भिजवल्या. मग शिडी लावून वर चढला, उरलेल्या मातीची भिंतीच्या माथ्यावर दोन्ही कडांनी छान आळी घातली आणि त्यात पाणी तुंबवलं. संध्याकाळी येऊन पुन्हा भरलं. आळ्याचा फोटो आत्मारामपंतांना पाठवला. तिकडून उत्तर आलं, "शाब्बास."

रविवारी सकाळी मात्र तो मुलीला बरोबर घेऊन गेला. अन्वी तेरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तरं जर्मनमध्ये येतात. तिनं भिंत बघितली, बापाच्या हातातला पाइप बघितला आणि किंचाळली, "पापा! दास इस्ट डोख लेम!"

लेम म्हणजे चिकणमाती. प्रताप म्हणाला, "हो मग? मातीला पाणी नको?"

अन्वी प्रकरण फार गंभीर असलं तरच मराठीत बोलते. ती मराठीत बोलली. "पापा, हे सिमेंट नाहीये."

पाइप प्रतापच्या हातातून गळून पडला. सिमेंट पाणी पिऊन घट्ट होतं. माती पाणी सोडून घट्ट होते. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. साच्यात ओलसर माती भरायची, ठोकून ठोकून बसवायची, साचा काढायचा आणि मग ती वाळेपर्यंत पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, हे चारुलतानं जेवताना इतक्यांदा सांगितलं होतं की अन्वीला ते पाठ होतं. पण डोक्यातलं ज्ञान एकीकडे आणि पाइप धरणारा हात दुसरीकडे. हात नाशिकचा होता.

त्यानं भिंतीला अंगठा लावून बघितला. पेढ्यात जावा तसा अंगठा आत गेला. पायथ्याशी चिखलाचं थारोळं, अंगावर तपकिरी ओघळ. प्रताप कॉफीच्या मगानं माथ्यावरचं पाणी उपसू लागला आणि उरलेलं अन्वीच्या खेळाच्या टॉवेलनं टिपू लागला. खाली अन्वी टॉवेलच्या नावानं जर्मनमध्ये शंख करत होती. कुंपणापलीकडून शेजारच्या फ्राऊ रीडल, हातात झाडं छाटायची कात्री घेऊन, बराच वेळ हे बघत होत्या. शेवटी त्यांनी आकाशाकडे बघितलं. आकाश निळंशार होतं.

"हेर सोन्टाके," त्या म्हणाल्या, "पाऊस फक्त तुमच्याच प्लॉटवर पडला का?"

आता प्रतापची भीती समजायची, तर आधी चारुलता समजून घ्यायला हवी.

चारुलता पुण्याची. आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा भुजला भूकंप झाला आणि ती कॉलेजच्या गटाबरोबर कच्छला मदतीला गेली. पंधरा दिवसांसाठी म्हणून गेली आणि मग प्रत्येक सुट्टीत जातच राहिली. तिथल्या रणाच्या कडेला मातीची गोल घरं असतात, त्यांना भुंगा म्हणतात. जाड भिंती, इवल्या खिडक्या, बाहेर भट्टी पेटलेली असली तरी आत माठातल्यासारखा गारवा. ह्या घरांनी तिच्यावर काय जादू केली कोण जाणे. लग्नाच्या बोलणीत प्रतापनं विचारलं होतं, "तुला कुठल्या प्रकारचं घर आवडतं?" त्याला वाटलं, टू बीएचके की थ्री. ती म्हणाली, "मातीचं." प्रतापला तो विनोद वाटला आणि त्यानं होकार दिला.

जर्मनीत आल्यावर मात्र तिच्या वाट्याला काय आलं, तर पार्किंगच्या इमारतींचे जिने. रोज ट्रेननं म्युनिकच्या ऑफिसात जायचं आणि जिने काढायचे. कुणी काम विचारलं तर म्हणायची, "लोकांना त्यांच्या गाडीपर्यंत पोचवते." हसून म्हणायची, पण तिचं ते हसणं प्रतापला नीट कळायचं.

त्यांचा भाड्याचा फ्लॅट होता छपराच्या अगदी खाली. जर्मन घरं थंडीला घाबरून बांधलेली असतात, एकदा आत शिरलेली ऊब म्हणून सुटता कामा नये. पण हल्ली इथले उन्हाळेही तापायला लागलेत, आणि मग तीच ऊब घरात ठाण मांडून बसते. पंखा नाही, एसी नाही. एका जुलैत अन्वीनं सगळा गृहपाठ बाथटबमध्ये बसून केला. पोरीच्या ओल्या वह्या दोरीवर वाळत घालताना चारुलता म्हणाली, "बास. ज्यांना ऊन कळतं त्यांच्यासारखं घर बांधायचं."

तिनं नकाशा काढला तो असा. मधोमध चौक, पण त्याच्यावर काचेचं छप्पर, उन्हाळ्यात उघडायचं आणि हिवाळ्यात मिटायचं. पश्चिमेला खोल, लहान खिडक्या आणि त्यांना विटांची जाळी. दक्षिणेला मोठाल्या काचा. छतावर सौर पॅनल, तळघरात हीटपंप, म्हणजे जर्मन सरकारचाही जीव शांत. आणि ह्या सगळ्याच्या मध्यात, घराच्या कण्यासारखी, ठोकलेल्या मातीची एक जाडजूड भिंत. हिवाळ्यात तिनं दिवसा ऊन पिऊन ठेवायचं आणि संध्याकाळी हळूहळू परत द्यायचं. उन्हाळ्यात रात्रीचा गारवा धरून ठेवायचा. अन्वीनं नकाशा बघून एकच शंका काढली, की ह्या भिंतीतून वायफाय जाणार का. ती शंका अजून सुटलेली नाही.

आत्मारामपंत फोनवर म्हणाले होते, "सूनबाई, मातीच्या घरातून बाहेर पडायला आमच्या तीन पिढ्या खपल्या. आणि तुम्ही जर्मनीपर्यंत जाऊन परत मातीतच?"

"अहो बाबा, इथं मातीची भिंत सिमेंटपेक्षा महाग पडते."

"असं होय," आत्मारामपंतांचा आवाज एकदम निवळला, "मग बांधा."

बाउआम्ट, म्हणजे बांधकामाची परवानगी देणारं ऑफिस. तिथल्या साहेबांनी नकाशा उलटासुलटा करून विचारलं, "आमच्याकडे पाऊस पडतो, हे बाईंना माहीत आहे ना?" चारुलता म्हणाली, "गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणून तर वर छप्पर दाखवलंय." परवानगी मिळाली. गावानं घराचं नाव 'वाळवंटी घर' ठेवलं आणि बेकरीत पाव घेता घेता लोक ते कधी पडेल यावर बोलू लागले. चारुलतानं म्युनिकची नोकरी सोडली. हे घर उभं राहिलं तर तिला दुसरी घरं बांधायला मिळणार होती. नाही राहिलं, तर पुन्हा जिने.

आणि येत्या बुधवारी क्रेन येणार होती. छपराच्या सगळ्या लाकडी तुळया ह्याच भिंतीच्या माथ्यावर बसणार होत्या. त्याच माथ्यावर, जिथे प्रतापनं तळं केलं होतं.

वस्तू कशी निकामी होते हे बघण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला पुढचं चित्र रंगवायला वेळ लागत नाही. तुळई टेकतेय, ओला माथा दबतोय, कड ढासळतेय, खाली सुतार उभे आहेत. रविवारी दुपारभर प्रतापनं हे चित्र सगळ्या कोनांतून बघितलं. प्रत्येक कोनात खाली कुणीतरी होतंच.

संध्याकाळी तो अन्वीला घेऊन चारुलताला आणायला स्टेशनवर गेला. ट्रेन नेहमीप्रमाणे उशिरा आली आणि प्रतापला जन्मात पहिल्यांदा त्याबद्दल जर्मन रेल्वेचे आभार मानावेसे वाटले. चारुलता गाडीत बसली तीच फुललेल्या चेहऱ्यानं.

"प्रताप, नमुन्यानं काय भार घेतला माहितीये? हवा होता त्याच्या कितीतरी पुढे! तो यंत्रावरचा मुलगा म्हणाला, आता आमचं यंत्र दमेल."

"वा. छान."

"कोरडी झाली की दगड होते रे माती, दगड."

"आणि ओली असली तर?"

"ओली म्हणजे चिखल. असं काय विचारतोस?"

"सहज."

मागच्या सीटवरून अन्वी खाकरली. "पापा," ती म्हणाली. नुसतंच "पापा". आरशात तिचे डोळे दिसत होते, आणि एखादा न्यायाधीश शिक्षा सुनावण्याआधी थांबतो तसे ते थांबले होते.

घरी आल्यावर प्रतापनं तीनदा धीर एकवटला.

"चारू, ऐक ना."

"काय?"

"चहा घेतेस?"

चारुलतानं तीन कप चहा घेतला आणि म्हणाली, "आज काय एवढं लाडात?"

सोमवारी तो ऑफिसात गेला. ठरवलं होतं, संध्याकाळी सांगायचंच. सकाळच्या मीटिंगमध्ये कुणीतरी पडद्यावर तडा गेलेल्या ब्रेकचा फोटो दाखवत होतं आणि प्रतापला एकदम आठवलं. चारुलता आज साइटवर जाणार. तुळयांसाठी माथ्याची मापं घ्यायला शिडी लावणार. शिडी त्याच ओल्या कडेला टेकणार. आपण बुधवारचे सुतार मोजत बसलो, आणि ही आजच जाऊन उभी राहिली असेल.

त्यानं बाहेर येऊन फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. शेवटी फ्राऊ रीडलना लावला.

"हो, हो, तुमची बायको आत आहे," त्या म्हणाल्या. "सकाळीच आली. मघाशी एकदा धप्प असा आवाज आला. नंतर काही नाही."

"नंतर काही नाही म्हणजे?"

"म्हणजे शांत आहे."

मीटिंग अर्धी सोडून, कुणाला न सांगता, जाकीट खुर्चीवर तसंच टाकून प्रताप निघाला. जर्मन ऑफिसात असं करणाऱ्याच्या घरी एक तर आग लागलेली असते नाहीतर बाळ जन्मत असतं, म्हणून कुणी अडवलं नाही. वाटेत प्रत्येक सिग्नल लाल. आपण एक शब्द बोललो असतो, एकच शब्द, तर ती शिडी कोपऱ्यातच राहिली असती. तो मोठ्यानं म्हणत होता, "चारू, चढू नकोस. चारू, चढू नकोस." शेजारच्या गाडीतला म्हातारा त्याच्याकडे बघून खिडकी वर करून घेत होता.

साइटवर ताडपत्री जमिनीवर पडली होती. शिडी आडवी. भिंतीच्या पायथ्याशी मातीचं मोठं ढेकूळ फुटून पसरलं होतं, आणि त्याच्या कडेला चारुलताचं हेल्मेट.

"चारू!"

तो भिंतीला वळसा घालून पलीकडे गेला, म्हणजे जवळजवळ पडतच गेला.

चारुलता तिथे उभी होती. सबंध, उघड्या डोक्यानं, केसांत माती, दोन्ही तळवे भिंतीवर टेकलेले. गायीच्या पोटावर हात ठेवून वासराची हालचाल बघावी तशी. फोन खिडकीच्या कोनाड्यात निपचित पडला होता.

प्रतापच्या तोंडून सगळं एका दमात बाहेर पडलं. पाइप, फवारा, नाशिक, आळी, शनिवार सकाळ, शनिवार संध्याकाळ, रविवार, टॉवेल, तीन कप चहा. बोलणं संपलं तेव्हा तो रडत होता की धापा टाकत होता, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

चारुलतानं हात खाली घेतले नाहीत. म्हणाली, "आळी तू घातलीस?"

"हो."

"चांगली घातलीस. थेंब बाहेर गेला नाही. सगळं भिंतीत."

"ते ढेकूळ तुझ्या अंगावर…"

"मीच पाडलं. पहारीनं. किती खोलवर भिजलंय ते बघायला."

मग ती एका उलट्या घमेल्यावर बसली, आणि प्रतापला दिसलं की तिची बोटं थरथरताहेत. बाउआम्टात, बेकरीत, कुठेही न थरथरलेली बाई ही.

"चारू, रागाव ना माझ्यावर. काहीतरी बोल."

"रागवीन. आधी घाबरून घेऊ दे." तिनं हात मांड्यांखाली दाबून धरले. "भुजला एका घरापाशी आम्ही स्लॅबचे तुकडे उचलत होतो. खाली एक स्वयंपाकघर होतं. कणीक मळलेली परात तशीच होती. तेव्हापासून मी कुठल्याही छपराखाली शिरताना वर बघते. तुझ्या लक्षात नाही आलं कधी?"

प्रतापला इतक्या वर्षांत वाटत आलं होतं, की ती छताचं डिझाइन बघते.

"मला वाटायचं तू कशालाच घाबरत नाहीस."

"घाबरते म्हणून तर भिंत एवढी जाड आहे, वेड्या."

त्यानंतर ती रागावली. यथासांग रागावली. फ्राऊ रीडलना मराठी कळत नसूनही त्या आदबीनं घरात निघून गेल्या.

क्रेन पुढे ढकलली. घराच्या भाराचा हिशेब करणारा इंजिनिअर, ज्याला इथे श्टाटिकर म्हणतात, तो आला. त्यानं भिंतीत सुया खुपसून ओल मोजली, डोकं हलवलं आणि हे कसं झालं म्हणून विचारलं. चारुलता म्हणाली, "पाणी गेलं." कुणी घातलं ते तिनं सांगितलं नाही. प्रतापला वाटलं, सांगितलं असतं तर बरं झालं असतं. माथ्याकडचे भिजलेले थर पहारीनं काढून टाकले आणि नव्या मातीनं पुन्हा ठोकले. ठोकायला अर्थातच प्रताप. तो रोज संध्याकाळी ऑफिसातून येऊन ठोकायचा, आणि सकाळी उठला की आधी हवामानाचा अंदाज बघायचा, मग बायकोचा चेहरा. मध्येच आत्मारामपंतांचा फोन यायचा, "काय रे, भिंतीला पाणी घालतोस ना?" प्रताप म्हणायचा, "हो बाबा," आणि फोन ठेवून कपाळाचा घाम पुसायचा.

भिंत वाळली. तुळया बसल्या. पण श्टाटिकरनं सावधगिरी म्हणून तुळयांखाली लोखंडी टेकू लावून ठेवले होते. म्हणजे खरी परीक्षा अजून व्हायचीच होती. भिंत कोरडी झाली, भार सोसेल, असं त्यानं पुन्हा सुया खुपसून आणि सही करून सांगितलं, तेव्हा टेकू काढायचा दिवस ठरला.

सुतारांनी एकेक टेकू सैल केला आणि प्रत्येक वेळी प्रतापनं श्वास रोखला. उरला शेवटचा, मधला. सुतार त्याला हात घालणार, तेवढ्यात चारुलता म्हणाली, "थांबा. हा प्रताप काढेल."

"मी?"

"पाणी कुणी घातलं?"

सुतारांना मराठी येत नव्हतं, तरी ते बाजूला झाले. कुंपणापाशी अन्वी आणि फ्राऊ रीडल खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. चारुलता आत आली आणि भिंतीला पाठ लावून, तुळईच्या बरोबर खाली उभी राहिली.

"तू बाहेर जा," प्रताप म्हणाला. "निदान तू तरी."

"फिरव."

त्यानं टेकूची मूठ धरली. डोक्यात तीच सगळी चित्रं, पण ह्या वेळी प्रत्येक कोनात खाली एकच माणूस. त्यानं मूठ फिरवली. कर्र झालं. आणखी फिरवली. टेकूचं डोकं तुळईपासून सुटलं. लाकूड कण्हल्यासारखं वाजलं आणि वरून चिमूटभर माती त्याच्या मानेवर पडली. त्यानं डोळे गच्च मिटले.

काही झालं नाही. आणखी थोडा वेळ काही झालं नाही. सुतारांपैकी कुणीतरी "पास्ट" म्हणालं, म्हणजे बसलं बरोबर. कुंपणापाशी फ्राऊ रीडलनी टाळ्या वाजवल्या आणि मग कात्री हातात असल्याचं लक्षात येऊन थांबल्या.

प्रतापनं डोळे उघडले. चारुलता होती तिथेच होती, डोकं मागे टेकून वर बघत. त्यानं टेकू आडवा ठेवला आणि तिच्या शेजारी भिंतीला पाठ टेकली. पाठीला कोरडं, गार लागलं. एवढा घोळ घातलेल्या माणसाच्या हातात ही बाई शेवटचा टेकू देते आणि स्वतः खाली उभी राहते!

"चारू," तो म्हणाला, "एवढा भरवसा होता तुझा माझ्यावर?"

"तुझ्यावर कुठे, भिंतीवर."